झेब्रा फिंचचं पिल्लू: अंड्यापासून गाण्यापर्यंत

झेब्रा फिंच पाळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: नर आहे, गाल नारिंगी आहेत, तब्येत ठणठणीत आहे, पण गात म्हणून नाही; एकच तुटका सूर पुन्हा पुन्हा काढत बसतो. यात दोष त्या पाखराचा नसतो. पिल्लू पस्तिसाव्या दिवशी आपलं आपण दाणे खायला लागलं की विकणारा ते बापापासून तोडतो, आणि नेमकी त्याच दिवसांत त्याची तालीम चालू असते. झेब्रा फिंचमध्ये गातो तो फक्त नर, आणि तोही गाणं जन्मतः घेऊन येत नाही. साधारण २५ ते ६५ दिवसांच्या वयात तो जवळच्या मोठ्या नराचं, बहुतेक वेळा बापाचं, गाणं ऐकून साठवतो, मग ते घोटतो, आणि ९० दिवसांच्या आसपास ते कायमचं पक्कं होतं. त्यानंतर कितीही चांगला गाणारा नर शेजारी आणून ठेवा, उपयोग होत नाही.

म्हणून पिल्लं काढायची तर मटकी (घरट्यासाठी पिंजऱ्यात बांधायचं मातीचं मडकं) लावल्यापासून चार महिन्यांचा हिशेब धरायचा: दहा-बारा दिवस घरटं आणि अंडी, तेरा-चौदा दिवस उबवण, आणि पुढचे नव्वद दिवस पिल्लू बापाच्या नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात. पिंजरा, हंगाम, वर्षाला किती वेळा अंडी घेऊ द्यायची, हे सगळं या हिशेबावर ठरतं.

कोणतं पाखरू घरात आणता येतं

लाल मुनिया, बुलबुल, दयाळ, साळुंकी, पोपट ही आपल्याकडची पाखरं पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. "आम्ही प्रेमाने सांभाळतो" हे कारण तिथे चालत नाही. झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाची, बेंगॉली फिंच पिंजऱ्यातच घडलेली, कॅनरी मूळची अटलांटिकमधल्या बेटांवरची. या तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या जाती आहेत आणि त्या पाळता येतात. जावा स्पॅरो मात्र आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत येते, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

आठवडी बाजारात कोणी हिरव्या-पिवळ्या, गुलाबी "फॉरेन चिमण्या" स्वस्तात देत असेल तर त्या रंगात बुडवलेल्या मुनिया असण्याची शक्यता दाट. ओल्या बोटाने पंख चोळला की बोटाला रंग लागतो. घेऊ नका.

अंगणात बुलबुलाचं किंवा शिंजिराचं पिल्लू पडलेलं सापडलं, तर तो या छंदाचा भाग नाही. पिसं फुटलेली असतील तर ते उडायला शिकतंय. मांजरापासून लांब, जवळच्या झुडपात ठेवून बाजूला व्हा. उघडं असेल तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. जखमी असेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

हंगाम आणि जागा

झेब्रा फिंच बाराही महिने अंडी घालायला तयार असते. तयार नसते ती आपली हवा. मार्च ते मे सांगली, मिरज, तासगाव, जत या पट्ट्यात पारा ४० च्या घरात जातो, हवा कोरडी पडते आणि अंड्याच्या आतलं पातळ कातडं वाळून पिल्लू कवचातच चिकटून मरतं. साताऱ्याच्या पश्चिमेला, कास-बामणोलीच्या बाजूला, उलट अडचण: जून ते सप्टेंबर दमटपणा इतका की एग फूड (उकडलेल्या अंड्याचं मऊ खाणं) दोन तासांत आंबतं आणि मोड आलेल्या दाण्याला बुरशी धरते. दोन्हीकडे चालणारा काळ एकच. कोजागिरीच्या सुमारास मटकी लावायची, म्हणजे शिवरात्रीपर्यंत चार महिने पुरे होतात.

या काळात उसाचा गळीत हंगाम चालू असतो हे मात्र ध्यानात ठेवा. शेतात पाचट पेटलं की धूर आणि काळी राख गावभर येते. पाखराची फुप्फुसं या बाबतीत फार नाजूक असतात, म्हणून त्या संध्याकाळी खिडक्या लावून पिंजऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला ओलं फडकं टाका. मच्छर अगरबत्ती, धूप, आणि तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर, हेही त्याच यादीत. स्वयंपाकघरात पिंजरा नकोच.

पिंजरा भिंतीला पाठ लावून, छातीच्या उंचीवर, सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळेल असा. मागे भिंत नसेल तर पाखरं सतत दचकतात आणि अंड्यावरून उठतात. गणपतीतले डीजे आणि दिवाळीतले फटाके यांनी रात्री पिंजऱ्यात धडपड होते आणि अंधारात मादीला मटकीचं तोंड सापडत नाही. खोलीत शून्याचा बल्ब रात्रभर चालू ठेवला की हा प्रश्न सुटतो. सांगलीत नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी तळमजल्यावर पिंजरे पक्के ठोकू नयेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी धोक्याची ४५ फुटांची खूण ओलांडून ५७ फुटांवर गेलं होतं. उचलून वर नेता येईल असाच पिंजरा हवा.

पिंजरा

एका जोडीला निदान २४ इंच लांब, १६ इंच रुंद, १६ इंच उंच. पिल्लांसाठी ३६ इंच लांबीचा घ्या आणि मधोमध सरकती जाळी बसवता येईल असाच घ्या. ती जाळी शेवटच्या दोन महिन्यांत कामाला येते. लांबी महत्त्वाची, उंची नव्हे, कारण फिंच आडवी उडते. उंच गोल घुमटाचे पिंजरे दिसायला छान आणि पाखराला निरुपयोगी. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. मोठ्या फटीतून पिल्लू डोकं घालतं आणि अडकतं.

जाळी मारून घरीच पिंजरा करत असाल तर नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीला जस्ताचे बारीक कण चिकटलेले असतात. पाखरं ते टोचून खातात आणि विषबाधा होते. ब्रशने व्हिनेगर चोळून, स्वच्छ धुऊन, आठवडाभर उन्हात ठेवून मग वापरा.

बसायच्या दांड्या पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्यांच्या, ८ ते १२ मिलिमीटर जाडीच्या, कमी-जास्त जाडीच्या मिसळून. एकसारख्या गुळगुळीत प्लॅस्टिक दांडीने तळव्याला घट्टे पडतात. कण्हेर आणि रुई घरात आणू नका. पिंजरा टांगायचा असेल तर आकड्याच्या वर पाण्याची वाटी बसवा, मुंग्या येत नाहीत. रात्री उघड्या पिलाला मुंग्या लागल्या तर सकाळी उरत नाही. डासांसाठी संध्याकाळी मच्छरदाणीचं कापड; डासांमधून पक्ष्यांची देवी पसरते.

जोडी निवडताना

साध्या करड्या रंगात नर ओळखायला सोपा: गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळी पट्टी, कुशीवर तपकिरीत पांढरे ठिपके, चोच लाल. मादी साधी, चोच फिकट नारिंगी. पांढऱ्या जातीत चोचीच्या रंगावरच भिस्त. अडीच-तीन महिन्यांत दोघं अंडी घालायला लागतात, पण घालू द्यायची नाहीत. मादी ९ महिन्यांची आणि नर ६ महिन्यांचा झाल्याशिवाय मटकी लावू नका. कोवळी मादी अंड्याला अडते. अंगावरची पिसं फुलवून तळाशी बसलेली, शेपूट वरखाली करणारी मादी दिसली की तेच समजा. तिला ३० अंशांच्या उबेत, अंधाऱ्या शांत जागी ठेवा, कॅल्शियमचं औषध पाण्यातून द्या, आणि दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, ते आत फुटतं.

पाखरू घेताना पैशापेक्षा एक गोष्ट जास्त पाहा: नराला गाताना ऐका. तो जे गाईल तेच तुमची पिल्लं उचलणार. आणलेली जोडी ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. त्या काळात श्वासाबरोबर टिक-टिक आवाज येणं, शेपटीखालची पिसं विष्ठेने माखणं, चोच उघडी ठेवणं, यातलं काही दिसलं तर आधी उपचार. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या दवाखान्यात गाई-म्हशींचेच डॉक्टर असतील तर शिरवळला विचारा.

मटकी आणि काथ्या

लाकडी पेटीपेक्षा कुंभाराची मटकी आपल्या हवेला बरी. आतून ५ इंच रुंद, बाजूला पावणेदोन ते दोन इंचांचं भोक, तळाला एक बारीक छिद्र. लाकडाच्या फटीत तांबड्या उवा लपतात. मटकी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली की काम झालं. या उवा दिवसा दिसत नाहीत. संशय आला तर रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका आणि पहाटे उलटं करून बघा. लाल-काळे ठिपके हलताना दिसतील.

मटकी पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात बांधा आणि तळाला मूठभर वाळलेली हराळी घाला. बाकीचं नर आणतो. त्याला नारळाचा काथ्या द्या, पण सुटा करून, तीन-चार इंचांचे तुकडे कापून. लांब धागा पायाला गुंडाळतो आणि पाय काळा पडून झडतो. कापूस, पोत्याची सुतळी, केस, लोकर काही नको.

पहिलं अंडं दिसलं की उरलेला काथ्या पिंजऱ्यातून काढून घ्या. ही पायरी नवखे हमखास विसरतात. सामान समोर असेपर्यंत नर घरटं बांधतच राहतो, अंड्यांवर नवा थर घालतो, त्यावर मादी पुन्हा अंडी घालते. महिन्याने मटकी उघडली की एकावर एक थर आणि एकही पिल्लू नाही.

दाणा: खरी मेहनत इथे

किराणा दुकानातली उपासाची वरी आणि राळा टरफल काढलेला असतो. पाखरू तो खाईल, पण त्याला मोड येत नाहीत आणि पोषणही निम्मं गेलेलं असतं. टरफलासकट दाणा हवा. पाखरांच्या दुकानात राळ्याला कांग किंवा कंगणी म्हणतात. शेतकऱ्याकडून राळ्याची कणसंच मिळाली तर सोनं. पिल्लांना दाणा ओढून सोलायला शिकवणारी यापेक्षा चांगली वस्तू नाही. पण राळ्याच्या बांधापलीकडे द्राक्षबाग असेल तर फवारणी विचारून घ्या.

रोजचं मिश्रण: राळा ६ भाग, टरफलाची वरी २ भाग, नाचणी १ भाग, कारळे अर्धा भाग. ज्वारी आणि टपोरी बाजरी या चोचीला मोठी पडते. पाखरामागे दिवसाला एक चहाचा चमचा पुरतो. फिंच दाणा सोलून टरफल तिथेच वाटीत टाकते, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि आत फोलपटं असतात. भरल्या वाटीपुढे पाखरं उपाशी मेल्याची उदाहरणं याच एका चुकीची आहेत. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारायची. दाणा उरला तर खाली राहतो.

मोड आणायचे तर दोन चमचे दाणे तीन-चार पाण्यांनी धुवा, आठ तास भिजवा, चहाच्या गाळणीत उपसा, आणि दर चार-पाच तासांनी पाण्याखाली धरून निथळा. चोवीस तासांत टोकाला पांढरा ठिपका दिसला की द्या. लांब मोड येईपर्यंत थांबू नका. नाकाजवळ धरून बघा. ओल्या मातीचा वास चालतो, आंबूस वास आला तर सगळं फेका.

एग फूडसाठी एक अंडं १२ मिनिटं उकडून टरफलासकट किसा, त्यात दोन साधे टोस्ट चुरून घाला आणि थोडं गाजर किसून, पिळून मिसळा. हाताला मोकळं लागलं पाहिजे, गोळा होता कामा नये. पिल्लं नसताना आठवड्यातून दोनदा एक चमचा बास. जास्त दिलं तर मादी थांबायचं नाव घेत नाही, अंड्यांमागून अंडी घालते. पिल्लं फुटायच्या दोन दिवस आधीपासून रोज सकाळी एक चमचा, आणि पिल्लं आठवड्याची झाली की सकाळी दोन, दुपारी चारला दोन. दोन-तीन तासांत उरलेलं काढून टाका.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं वाळलेलं पांढरं हाड. सांगलीत गणपती पेठेत, साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे विचारा. तारेने पिंजऱ्याला बांधा, मऊ बाजू आत. हिरवा पाला म्हणून कोथिंबीर आणि मेथी, शक्यतो घरच्या कुंडीतली. बाजारातली जुडी दहा मिनिटं पाण्यात बुडवून, पुन्हा धुऊनच. दूध, मीठ, चॉकलेट, अॅव्होकॅडो नाही.

अंड्यापासून पिसं फुटेपर्यंत

रोज एक, अशी चार ते सहा अंडी येतात. दोघंही आळीपाळीने बसतात. तिसऱ्या-चौथ्या अंड्यापासून बसणं नीट सुरू होतं, म्हणून पहिली तीन-चार पिल्लं जवळजवळ एकदमच फुटतात. सातव्या दिवशी संध्याकाळी, पाखरं दाण्यावर आलेली असताना, मोबाइलचा दिवा अंड्यामागे धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. पिवळं स्वच्छ दिसलं तर रिकामं. रिकामी अंडी काढायची घाई नको, लहान पिल्लांना टेकायला उपयोगी पडतात.

फुटलेलं पिल्लू एक ग्रॅमच्याही आत भरतं. गुलाबी, आंधळं, पाठीवर चार केस. त्याची तब्येत कळायची जागा एकच: मानेच्या बाजूची पिशवी, जिला पाळणारे क्रॉप म्हणतात. कातडी इतकी पातळ असते की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतले दाणे मोजता येतील असे दिसतात, पारदर्शक पिशवीत भरलेल्या राळ्यासारखे. संध्याकाळी क्रॉप फुगलेली असेल तर काळजी नाही. संध्याकाळीही चपटी असेल तर आईबाप भरवत नाहीत, आणि कारण बहुतेक वेळा चारांतलं एक असतं: मऊ खाणं कमी पडलंय, आपण सारखे डोकावतोय, उवा झाल्यात, किंवा जोडी फार कोवळी आहे. याच क्रमाने तपासा.

पाचव्या ते सातव्या दिवशी डोळे किलकिले होतात. आठव्या-नवव्या दिवशी पंखांवर काळ्या सळया येतात, बाराव्या दिवसानंतर त्या फुटून पिसं उलगडतात. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास आई रात्री पिल्लांवर बसायचं सोडते, आणि डिसेंबरात साताऱ्याच्या थंडीत नेमकी तेव्हाच पिल्लं दगावतात, विशेषतः मटकीत एकटंच पिल्लू असेल तर. त्या आठवड्यात रात्री पिंजऱ्यावर तीन बाजूंनी घोंगडं टाका. मटकीबाहेर पडलेलं थंडगार पिल्लू मेलेलंच वाटतं; मुठीत धरून पंधरा मिनिटं ऊब द्या, हललं तर परत आत ठेवा.

चौदाव्या दिवसानंतर मटकीत डोकावणं बंद. घाबरून पिल्लू आधीच बाहेर उडी मारतं आणि परत आत राहत नाही. अठरा ते एकवीस दिवसांत ती आपणहून निघतात. पहिले काही दिवस रात्री झोपायला मटकीतच येतात, म्हणून ती लगेच काढू नका. आंघोळीच्या ताटलीत मात्र गोटे भरून ठेवा, पाणी एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. नुकतं उडायला लागलेलं पिल्लू त्यात बुडतं.

हाताने भरवायची वेळ आली तर

हौस म्हणून हे करू नका. आईबाप मेले किंवा त्यांनी पिल्लू टाकलंच, तरच. आधी बघा, त्याच वयाची पिल्लं असलेली दुसरी जोडी कोणाकडे आहे का. झेब्रा फिंच परकं पिल्लू सहसा बिनतक्रार भरवते. बेंगॉली फिंच तर याबाबतीत आणखी चांगली दाई, फक्त तिच्याकडे वाढलेला झेब्रा नर तिच्याच नराचं गाणं उचलतो. १९६० च्या दशकात क्लाउस इमेलमन या जर्मन शास्त्रज्ञाने हे तपासून दाखवलं होतं.

दाई नसेल तर या क्रमाने जा.

१. ऊब आधी, खाणं नंतर. थंड पिल्लाच्या पोटात अन्न पचत नाही, आंबतं. थर्मोकोलच्या पेटीत ४० वॉटचा पिवळा बल्ब, थर्मोस्टॅट आणि पिलाजवळ थर्मामीटर. एलईडी बल्ब ऊब देत नाही. पहिले पाच दिवस ३५ ते ३६ अंश, आठवड्यानंतर ३३, पिसं उलगडताना ३०, तिसऱ्या आठवड्यात २६ पर्यंत उतरवा. कोपऱ्यात पाण्याची वाटी. वीज जाणारच, म्हणून फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली तयार ठेवा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर गरम होतंय; आक्रसून गप्प असेल तर थंडी.

२. खाणं म्हणजे पाखरांच्या पिल्लांसाठी मिळणारी तयार पावडर. पहिले दोन दिवस पावडर एक भाग, पाणी पाच भाग. आठवड्याला एकास तीन. द्यायच्या वेळी ३८ ते ४० अंश. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट लागला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं की मध्येच चटका देणारा भाग राहतो आणि क्रॉप भाजते. पावडर नसेल तर उकडलेलं बलक कोमट पाण्यात कालवून मलमलीतून गाळा. त्यावर एखादी रात्र निघते, पिल्लू वाढत नाही.

३. एक मिलिलिटरची सुई काढलेली सिरिंज घ्या. टोकाला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसवायची पद्धत आहे. बसवलीत तर घट्ट आहे ना हे दर वेळी ओढून बघा, सैल असेल तर पिल्लू गिळतं.

४. झेब्रा फिंचचं पिल्लू भूक लागली की कॅनरीसारखी मान उंच करत नाही. ते दबून बसतं, मान पिळून तोंड जवळजवळ उलटं करतं आणि जबडा उघडून जीभ हलवतं. आत काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते. त्या उघड्या तोंडात, त्याच्या डाव्या बाजूने उजवीकडे, एक-एक थेंब सोडा. तोंड मिटलं की थांबा. जिभेमागचं भोक श्वासनळीचं. तिथे थेंब गेला तर पिल्लू तिथल्या तिथे संपतं. म्हणूनच ड्रॉपरने नुसतं पाणी कधी पाजू नका.

५. एका वेळी वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं. पाच ग्रॅमच्या पिलाला अर्धा मिलिलिटर. पहिले चार दिवस दर अर्ध्या ते एका तासाने, सकाळी सहा ते रात्री दहा. आठवड्याला दीड-दोन तासांनी. पंधरा दिवसांनंतर तीन तासांनी. क्रॉप जवळजवळ रिकामी झाल्यावरच पुढचं.

६. रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅमचा छोटा काटा लागतो. लागोपाठ दोन दिवस वजन वाढलं नाही तर ऊब, घट्टपणा, वेळ, या तिन्हीत कुठेतरी चूक आहे. चोचीला लागलेलं खाणं प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसा. वाळलं की चोच वाकडी वाढते.

दाणा सोलायला शिकणं

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लं खाली उतरून टोचायला लागतात. तळाला पांढरा कागद घालून त्यावर मोड आलेले दाणे पसरा आणि राळ्याचं कणीस दांडीजवळ खाली टांगा. पिल्लू दाणा चोचीत फिरवतं, टाकतं, पुन्हा उचलतं. फोलपट आणि दाणा वेगळा करायला त्याला आठवडा लागतो. पस्तिसाव्या दिवशी बहुतेकांना जमतं. चोच काळी असेपर्यंत वेगळं काढू नका. ती नारिंगी व्हायला लागली की निर्धास्त.

तोवर मादी पुन्हा अंड्यावर येते. पिल्लांनी मटकीत झोपणं सोडलं की, साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी, मटकी काढून टाका. काही माद्या मग दाण्याच्या वाटीत अंडं घालतात, ते उचलून टाका. वर्षाला दोन खेपा खूप झाल्या, तिसरीला मादी खंगते.

तालीम

सहाव्या ते आठव्या आठवड्यात नर पिल्लांच्या गालावर नारिंगी छटा येते. त्याच्या थोडं आधीपासून, दुपारच्या शांत वेळी, पिल्लू दांडीवर बसून डोळे अर्धे मिटून, गळा किंचित फुगवून काहीतरी पुटपुटायला लागतं. सूर नाही, ताल नाही, पोरगं पाढे घोकताना ओठ हलवतं तसं. हीच सुरुवात. या काळात बाप समोर हवा.

अडचण अशी की पिल्लं चाळीस दिवसांची झाली की बाप त्यांना टोचायला मागे लागतो. पाठीवरची, मानेवरची पिसं उपटलेली दिसली की मधली सरकती जाळी घाला: एका बाजूला आईबाप, दुसऱ्या बाजूला पिल्लं. दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, टोचता येऊ नये. पुठ्ठा किंवा प्लायचा पडदा घातलात तर अर्धी तालीम गेली. दोन नरांचे पिंजरे शेजारी असतील तर पिल्लू दोघांचं तुकडा-तुकडा उचलतं; बापाचंच गाणं हवं असेल तर दुसरा नर दुसऱ्या खोलीत. मोबाइलवर गाणं लावून ठेवण्याचा उपाय अनेक जण करतात. झेब्रा फिंच नुसत्या रेकॉर्डिंगवरून फारच कमी शिकते. गुरूसमोर बसून गाणं शिकायची परंपरा असलेल्या मिरजेकडच्या वाचकांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

कॅनरीचं थोडं वेगळं. तिथे मादी एकटीच उबवते, घरटं वाटीसारखं उघडं लागतं. पहिली तीन अंडी रोज सकाळी काढून खोटी अंडी ठेवायची आणि चौथ्या दिवशी खरी परत द्यायची, म्हणजे पिल्लं एकदम फुटतात. कॅनरीचा नर दर वर्षी गाण्यात बदल करू शकतो, त्यामुळे पहिल्या वर्षी बिघडलेलं पुढे थोडं सुधारतं. पण सांगलीच्या मे महिन्यात कॅनरी टिकवणं हे नवख्याचं काम नाही.

नव्वद दिवसांनी पिल्लाचं गाणं ऐका. तोच तुकडा त्याच क्रमाने सलग पाच-सहा वेळा आला तर ते पक्कं झालं, आता पिल्लू कोणाला द्यायला हरकत नाही. त्याआधी प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाची प्लॅस्टिकची कडी घाला आणि वहीत फुटल्याची तारीख, आईबाप आणि कडीचा रंग लिहा. पुढच्या कोजागिरीला जोड्या लावताना भाऊ-बहीण एका पिंजऱ्यात जाऊ नयेत, यासाठी ती वही लागते. करड्या रंगाची बारा पाखरं समोर आली की कोण कोणाचं हे नजरेने ओळखता येत नाही.